पेरुजात बारा आठवडे: दोघांचा मुक्काम, भाषेचा वर्ग आणि आपलं स्वयंपाकघर

निवृत्तीनंतर किंवा नोकरीतून मोठी रजा काढून इटलीत दोन-तीन महिने राहावं, सकाळी भाषेच्या वर्गाला जावं, येताना बाजारातून भाजी आणून स्वतः शिजवावी, असा बेत करणारी मराठी जोडपी हल्ली दिसू लागली आहेत. आम्ही नवरा-बायको असे राहून आलो. त्यानंतर ओळखीतले लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं ज्या क्रमाने कामं करावी लागतात त्याच क्रमाने इथे देते.

आधी गाव ठरवा, मग तारखा

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही शहरं पाहायला सुंदर, पण भाषा शिकायला अवघड. तुम्ही धडपडत इटालियनमध्ये वाक्य जुळवता आणि समोरचा वेटर सराईत इंग्रजीत उत्तर देतो. दिवसभर परदेशी पाहुण्यांशी बोलण्याची त्याला सवय असते. मधल्या आकाराच्या गावात तसं होत नाही. भाजीवाली, औषधवाला, बसचा चालक सगळे इटालियनच बोलतात, आणि तुम्ही अडखळलात तर थांबून पुन्हा सांगतात.

माझं मत पेरुजाच्या बाजूने आहे. उंब्रिया प्रांताची ही राजधानी डोंगरावर वसली आहे, आणि परदेशी लोकांना इटालियन शिकवण्याची परंपरा इथे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२१ साली इथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्ग सुरू झाले, त्यातूनच 'उनिव्हेर्सिता पेर स्त्रानिएरी', म्हणजे परदेशीयांसाठीचं विद्यापीठ उभं राहिलं. एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या लोकांच्या काळातल्या भव्य वेशीसमोर पालात्सो गालेंगा नावाच्या वाड्यात ते भरतं. सिएनालाही असंच विद्यापीठ आहे आणि तेही उत्तम, पण सिएनात पर्यटकांची गर्दी बरीच जास्त.

काळ निवडायचा तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. उन्हाळ्याची काहिली ओसरलेली असते, बाजारात अंजीर, द्राक्षं, मशरूम येतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून नव्या ऑलिव्हचं तेल निघायला लागतं. हे ताजं तेल हिरवंगार असतं, घशाशी तिखट लागतं. भाजलेल्या पावावर लसूण घासून वर ते ओतलं की त्या संध्याकाळी दुसरं काही रांधावंसं वाटत नाही. दुसरा चांगला काळ एप्रिल ते जून.

व्हिसा: तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, कोणत्याही १८० दिवसांच्या टप्प्यात जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. १ सप्टेंबरला उतरून ३० नोव्हेंबरला निघालात तर ९१ दिवस होतात आणि नियम मोडतो. म्हणून बारा आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा बेत करा. विमान रद्द झालं, ताप आला, तरी हाताशी थोडे दिवस उरतात. वाटेत पॅरिस किंवा व्हिएन्ना करायचं असेल तर ते दिवसही याच नव्वदातले.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचे अर्ज मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात, कागद स्वीकारण्याचं काम व्हीएफएस ही कंपनी करते. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण मुक्काम झाकणारा हवा. साठीच्या पुढच्यांनी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम नीट वाचावं. फक्त व्हिसापुरता घेतलेला स्वस्त विमा मधुमेह-रक्तदाबाच्या दुखण्याला हात वर करतो.

लांब मुक्कामाच्या अर्जाला एक प्रश्न हमखास येतो: इतके दिवस तिथे करणार काय? भाषेच्या वर्गाचं नोंदणीपत्र आणि घराची पक्की नोंद जोडली की उत्तर आपोआप मिळतं. खर्च दोघांपैकी एकाच्याच खात्यातून होणार असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. दोघांच्या पासपोर्टवर नाव-आडनाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असतं तेव्हा तर तो हवाच. परत येण्याचं कारण दाखवणारे कागदही द्या: निवृत्तिवेतनाची पावती, घराचे कागद, नोकरी असेल तर रजेचं पत्र.

भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून एक सोय झाली आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र नव्वद दिवसांची मर्यादा त्यातही तशीच राहते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एखादा जादा दिवस नजरेतून सुटेल अशी आशा ठेवू नका.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि इटलीत पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'साठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पहिल्याच खेपेला या वाटेने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आधी बारा आठवडे राहा, मग ठरवा.

घर शोधताना विचारायच्या गोष्टी

हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं. जाहिरातीत CIN (उच्चार 'चिन') हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक दिलाय का ते पाहा. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांना १ जानेवारी २०२५ पासून तो सक्तीचा आहे, आणि खोट्या जाहिराती ओळखायला उपयोगी पडतो. सलग तीस दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार कर कार्यालयात नोंदवतात. त्यासाठी तुमचा 'कोदिचे फिस्काले', म्हणजे सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक लागतो. तो 'आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते', म्हणजे कर खात्याच्या कार्यालयात पासपोर्ट दाखवून फुकट मिळतो, पैसे देऊन मध्यस्थ गाठायची गरज नाही.

पैसे भरण्याआधी मालकाला हे विचारून घ्या.

घर कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? पेरुजाच्या जुन्या गावात पाचशे वर्षांच्या इमारती आहेत. तिसरा मजला म्हणजे उंच दगडी पायऱ्यांचे तीन जिने, आणि घरापर्यंतची गल्लीही चढाची. गुडघे दुखत असतील तर जुन्या गावाचा मोह सोडून मिनीमेट्रोच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या छोट्या डब्यांच्या गाडीच्या, एखाद्या थांब्याजवळ राहा.

शेगडी गॅसची की इंडक्शनची? आपला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही.

गरम करण्याची सोय, 'रिस्काल्दामेन्तो', स्वतंत्र आहे की सगळ्या इमारतीची एकत्र? पेरुजा ज्या हवामान-पट्ट्यात येतं तिथे हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या काळातच आणि दिवसाला ठरावीक तासच चालवता येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी गारठा पडतो, तेव्हा जाड पांघरूण घरात आहे ना, हेही विचारा. आणि हीटिंगचं बिल भाड्यात धरलंय की वेगळं, हे लेखी घ्या. नोव्हेंबरचं गॅसबिल किरकोळ नसतं.

विजेबद्दल एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. इटालियन घरांत साधारण तीन किलोवॅटची जोडणी असते. ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र आणि पाणी उकळायची किटली एकाच वेळी लावली की घर अंधारात. मुख्य बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. ते पुष्कळदा जिन्याखाली मीटरजवळ असतं.

मालक पोचल्या दिवशी दोघांचे पासपोर्ट मागतो. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे ठरावीक मुदतीत करणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा शंका घेऊ नका. उलट जो मालक पासपोर्ट मागत नाही त्याच्याबद्दल शंका घ्या.

बॅग भरताना

तूप, पेढे, खवा, चीज, मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेला साजूक तुपाचा डबा विमानतळावर जाईल. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नेऊ नका. हिंग, गोडा मसाला, हळद, तिखट, मोहरी, आमसुलं आणि भाजणी न्या. पोहे छोट्या गावात मिळणं कठीण, म्हणून तेही.

बाकीचं तिथे मिळतं, फक्त नाव माहीत हवं. बेसन म्हणजे 'फारीना दि चेची', आणि त्याचं पिठलं उत्तम होतं. रवा म्हणजे 'सेमोलीनो'. पोळीसाठी 'फारीना इंतेग्राले' घ्या. 'दोप्पियो झेरो', म्हणजे दोन शून्यांचं पीठ आपल्या मैद्यासारखं बारीक, त्याच्या पोळ्या चिवट होतात. दही 'योगुर्त बियांको इंतेरो' या नावाने शोधा, नाहीतर गोड दही हाती येतं.

नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या, आणि चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीचं नव्हे तर घटकाचं नाव असू द्या. इटलीतल्या सॉकेटला तीन गोल छिद्रं एका ओळीत असतात. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन दांड्यांची पिन बहुधा बसते, आपली जाड तीन दांड्यांची बसत नाही.

पोचल्यावरचे पहिले दिवस

रोमच्या फ्युमिचीनो विमानतळावरून पेरुजाला थेट बस आहे. रेल्वेने यायचं तर रोमा तेर्मिनीला गाडी बदला, काही वेळा पुढे फोलिन्योलाही. पेरुजाचं मुख्य स्टेशन फोन्तिवेज्जे डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून मिनीमेट्रोचा इटुकला डबा वर पिन्चेत्तोपर्यंत, गावाच्या ऐन मध्यात नेऊन सोडतो. रात्री तो लवकर बंद होतो, म्हणून उशिरा पोचणार असाल तर टॅक्सीची सोय करून ठेवा. गावात चढायला सरकते जिनेही आहेत. बसस्थानकाकडून निघणारे जिने रोक्का पाओलिना या किल्ल्याच्या पोटातून जातात. पोप तिसरा पॉल याने १५४० मध्ये गाव जिंकल्यावर जुन्या वस्तीच्या डोक्यावर हा किल्ला बांधला. खाली गाडले गेलेले रस्ते आणि घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि तुम्ही रोज हातात दुधाची पिशवी घेऊन त्यांच्यामधून जाता.

पहिल्या आठवड्यात एवढी कामं उरका. 'ताबाक्केरिया'त, म्हणजे बाहेर मोठ्या 'टी'ची पाटी असलेल्या दुकानात बसची तिकिटं घ्या. मोबाइलचं सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. एटीएममधून पैसे काढताना यंत्र 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारतं, तेव्हा नेहमी युरोच निवडा, कारण रुपयांचा दर तोट्याचा असतो. कचरा कोणत्या वारी कोणत्या रंगाच्या पिशवीत बाहेर ठेवायचा याचा कागद मालकाकडून घ्या. पेरुजात याबाबत शेजारी काटेकोर असतात, आणि पहिली ओळख कचऱ्यावरून होऊ नये. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचं दुकान, तिथला माणूस किरकोळ दुखण्यावर चांगला सल्ला देतो. तातडीच्या मदतीसाठी ११२.

दुकानांच्या वेळा मनात पक्क्या करा. दुपारी एकच्या सुमारास लहान दुकानं बंद होतात ती चारच्या आसपास उघडतात. जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात भूक लागली तर बारमध्ये जा. इटलीत 'बार' म्हणजे कॉफी आणि नाश्त्याची जागा, घरातल्या थोरामोठ्यांनीही बिनदिक्कत जावं अशी.

भाषेचा वर्ग

विद्यापीठात महिन्यांच्या हिशेबाने अभ्यासक्रम असतात, खाजगी शाळांत आठवड्यांच्या. खाजगी शाळेत साधारणपणे सकाळी नऊ ते एक, आठवड्याला वीस तास शिकवतात. सोमवारी पातळी ठरवणारी छोटी परीक्षा होते. अगदी कोऱ्या पाटीने येणाऱ्यांचे वर्ग मात्र ठरावीक तारखांनाच सुरू होतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी शाळेची तारीख विचारा.

सलग बारा आठवडे वर्ग लावू नका. चार आठवडे वर्ग, दोन आठवडे मोकळे, पुन्हा चार आठवडे वर्ग, आणि उरलेले दिवस नुसतं राहण्याचे. मधल्या मोकळ्या काळात शिकलेलं मुरतं. त्या दिवसांत बाजारात आपण काय काय बोलू शकतो हे पाहून जो आनंद होतो तो वर्गात मिळत नाही.

दोघांनी शक्यतो वेगवेगळ्या वर्गात बसा. शेजारी शेजारी बसलं की एकजण बोलतो आणि दुसरा त्याच्या आडोशाला राहतो. बहुतेक घरांत कोण बोलणार हे ठरलेलं असतं. वेगळं बसलं की दोघांना आपापले मित्र मिळतात, आणि दुपारी जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. एकच पातळी असल्यामुळे एकाच वर्गात बसावं लागलं तर निदान बाकं वेगळी घ्या.

जाण्याआधी घरी थोडी तयारी करा: शंभरपर्यंत आकडे, वार, 'असणे' आणि 'जवळ असणे' या दोन क्रियापदांचा वर्तमानकाळ. दिल्ली आणि मुंबईत इटालियन सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांच्या वर्गांची चौकशी करावी.

मराठी माणसाला ही भाषा ऐकू येते तितकी परकी नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण साठीच्या आसपासचे लोक 'आता कुठे जमणार' म्हणून आधीच हात टेकतात. इटालियनमध्ये 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात. आपल्याकडे 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा आहे, आणि इटालियनला दोन्ही लागतात: 'चाओ'मध्ये चिमणीचा, 'पिझ्झा'त (तिकडे 'पित्सा') जवळपास चमच्याचा. जोडाक्षरावर जोर दिला नाही तर तिकडे अर्थ बदलतो, आणि पत्ता-पता यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला ते शिकवावं लागत नाही. 'मला पाव आवडतो' याची रचना 'मी पियाचे इल पाने' अशीच, आवडणारी वस्तू कर्ता. 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा भेद 'सोनो आंदातो' आणि 'सोनो आंदाता' असा जसाच्या तसा भेटतो. आमच्या वर्गातले इंग्रजीतून आलेले विद्यार्थी या ठिकाणी आठवडा अडकत, तेव्हा मी मराठीत मनातल्या मनात बोलून पुढे जात होते. अवघड जातं ते वेगळंच: शब्दाआधी लागणारी आर्टिकल्स आणि त्यांची अव्ययांशी होणारी जोडणी. ते पाठच करावं लागतं.

तू आणि तुम्ही हा भेदही आहे. वर्गात सगळे एकमेकांना 'तू', दुकानात, दवाखान्यात, वयस्कर शेजाऱ्यांशी 'लेई'. लक्ष वेधून घ्यायचं तर मित्राला 'स्कूझा', अनोळखी माणसाला 'स्कूझी'. आणि कुठल्याही दुकानात पाय ठेवताना 'बुओनजोर्नो', दुपारनंतर 'बुओनासेरा'. न बोलता आत शिरून वस्तू चाळणारा माणूस त्यांना उर्मट वाटतो.

बाजार

शनिवारी सकाळी मिनीमेट्रोच्या खालच्या टोकाला, पियान दि मास्सियानोला आठवडी बाजार भरतो. तिथे गेलात की भाजी स्वतः उचलून दाबून पाहू नका. मालाला हात विक्रेता लावतो. गर्दी असली तर 'की ए लुल्तिमो?', म्हणजे शेवटचं कोण, असं विचारा, कोणीतरी हात वर करतं, आणि त्यांच्यानंतर तुमचा नंबर. आपली वेळ आली की 'वोर्रेई', मला हवं होतं, आणि मग वजन. शंभर ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात. 'दुए एत्ति' म्हणजे दोनशे, 'मेद्झो कीलो' म्हणजे अर्धा किलो. भाजीवाली विचारते 'आल्त्रो?', अजून काही? झालं असेल तर 'बास्ता कोसी'. एवढ्या पाच-सहा तुकड्यांवर अख्खा बाजार होतो. सुपरमार्केटात उलट: तिथे प्लॅस्टिकचा हातमोजा घालून फळं तुम्हीच निवडायची, काट्यावर ठेवून क्रमांक दाबायचा आणि चिकटणारी चिठ्ठी पिशवीला लावायची. चिठ्ठीशिवाय गल्ल्यावर गेलात तर मागची रांग थांबते.

आम्ही घरकामाची वही बाजारात न्यायचो. सकाळी वर्गात जो काळ किंवा जे आकडे झाले असतील त्यांतली दोन वाक्यं त्या दिवशी भाजीवालीशी बोलायचीच, असा नेम. ती चूक दुरुस्त करायची, हसायची, आणि पुढच्या वेळी नवऱ्याला आधी बोलायला लावायची.

उंब्रियाच्या कडधान्यांच्या पोत्यांपुढे मात्र थांबा. त्रासिमेनो सरोवराच्या काठी पिकणारी 'फाजोलीना' म्हणजे चवळीच, फक्त दाणा बारीक, काही पांढरट, काही तपकिरी, काही काळा, एकाच मुठीत सगळे रंग. इतर बहुतेक घेवडे अमेरिकेतून युरोपात आले, चवळीची ही जात त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. भिजवायची गरज जवळजवळ नसते, नुसती उकडून मीठ आणि कच्चं ऑलिव्ह तेल घालून खातात. 'चिचेर्किया' म्हणजे विदर्भातली लाखोळी. एकेकाळी गरिबाचं अन्न म्हणून मागे पडलेली, आता हौसेने पुन्हा पेरतात. कास्तेल्लुच्चोच्या पठारावरची मसूर नखाएवढीही नसते, सालासकट शिजते आणि फुटत नाही. या सगळ्यांचं एकत्र सार म्हणजे 'इंब्रेच्चाता'. आपल्या घरात उसळ-आमटीवर वाढलेल्या माणसाला या प्रांतात परकं वाटणं कठीण आहे. फाजोलीनाला आम्ही आमसूल-गूळ लावून आमटी केली आणि शेजारच्या सिन्योरांना वाटीभर दिली. वाटी रिकामी परत आली नाही, त्यात त्यांच्या झाडाची अंजिरं होती.

बाहेर जेवताना

उंब्रिया हा डुकराच्या मांसाचा प्रांत आहे, हे शाकाहाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. नोर्चा गावाचं नाव त्या व्यवसायालाच चिकटलं आहे, तसल्या दुकानाला 'नोर्चिनेरिया' म्हणतात. तरी उपाशी राहावं लागत नाही. वाक्य असं म्हणा: 'सियामो वेजेतारियानी, नोन मांजामो ने कार्ने ने पेशे', आम्ही शाकाहारी, मांस खात नाही आणि मासेही. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर हॅमचे तुकडे किंवा 'अच्चूगे' हे खारे मासे येऊ शकतात. सूपबद्दल 'ब्रोदो' कशाचा, पावाबद्दल 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. पार्मिज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरीनो रोमानो ही चीजं वासरा-कोकराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. ते चालत नसेल तर 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं चीज घ्या.

अंडं न खाणाऱ्यांची इथे सोय चांगली आहे. एमिलियासारख्या प्रांतांत ताजा पास्ता अंड्याचा असतो, उंब्रियाचे 'उंब्रिचेल्ली' आणि 'स्त्रांगोत्सी' नुसत्या पीठ-पाण्याचे. खात्रीसाठी विचारावं. टोमॅटो, लसूण आणि मिरचीतले स्त्रांगोत्सी आपल्या जिभेला लगेच जुळतात. सगळ्यांत प्रेमाने सांगावा असा पदार्थ 'तोर्ता आल तेस्तो'. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, पूर्वी दगडा-मातीचा, आता बिडाचा. त्यावर भाजलेली ही चपटी रोटी जाडजूड भाकरीसारखी फुगते, मग तिचे त्रिकोण कापून पोटात परतलेली पालेभाजी किंवा चीज भरतात. साधा पाव मात्र इथे बिनमिठाचा असतो. पोपने मिठावर कर लावला म्हणून लोकांनी मीठच सोडलं, असं गावात सांगतात. पहिले काही दिवस तो अळणी वाटतो, नंतर तिखट रश्श्याबरोबर तोच बरोबर वाटायला लागतो.

मेनूत पाच विभाग असले तरी सगळं मागवायची सक्ती नाही. एक 'प्रीमो', म्हणजे पास्ता किंवा सूपची पहिली थाळी, आणि भाज्यांचे एक-दोन 'कोन्तोर्नी' पुरतात. बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी एक-दोन युरोंची रक्कम दिसेल, ती पाव आणि मेजाची, फसवणूक नव्हे. टिप ऐच्छिक. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण उठायला सांगितल्यासारखं होतं, तेव्हा 'इल कोन्तो, पेर फावोरे' म्हणा. कॉफी उभ्याने काउंटरवर प्यायली तर स्वस्त, मेजावर बसून महाग. बऱ्याच बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती काउंटरवर ठेवायची असते. रोज एकाच बारमध्ये जा. आठवड्याभरात तिथला माणूस न विचारता तुमची कॉफी ठेवतो आणि कालच्या पावसाबद्दल बोलायला लागतो. हा वर्ग फुकटचा.

मोकळे दिवस

असिसी, कोर्तोना, सरोवराकाठचं पासिन्यानो ही ठिकाणं लोकल गाडीने एका दिवसात होतात. कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. मोबाइलवरच्या तिकिटाला चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कान्नारा गावी कांद्याचा उत्सव असतो, सूपापासून गोडापर्यंत सगळं कांद्याचं. गावोगावच्या अशा 'साग्रा' चुकवू नका. लांब बाकांवर अनोळखी कुटुंबांच्या शेजारी बसून जेवावं लागतं आणि बोलणं आपसूक सुरू होतं.

पेरुजाच्या उत्तरेला मोन्तोने नावाचं टेकडीवरचं लहानसं गाव आहे. मराठी माणसाने तिथे जावंच. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल करून तो जिंकला आणि तिथेच त्यांना गोळी लागली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा तरुण तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोन्तोनेत त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, सूर्याच्या घड्याळाच्या रूपात. बस कमी आहेत, म्हणून परतीची वेळ आधी पाहून निघा.

निघण्याआधी

शेवटच्या आठवड्यात मालकाबरोबर मीटरचे आकडे लिहून घ्या आणि अनामत परत कधी, कशी मिळणार ते लेखी घ्या. शाळेकडून हजेरीचा आणि पातळीचा दाखला मागा, पुढच्या व्हिसा अर्जाला आणि पुढच्या वर्गाला दोन्हीकडे चालतो. नवं तेल बाटलीत नेऊ नका. घाण्यावर ते पत्र्याच्या सीलबंद डब्यात मिळतं, तो डबा कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. कोरडी फाजोलीना अर्धा किलोच्या मूळ पाकिटातच आणा, वर नाव आणि वजन छापलेलं असू द्या.